डोळा नसलेला मासा

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं वाचताना तुम्हाला वाटायचं, काय ही धीराची बाई! धीर वगैरे काही नाही हो. मी पालीला घाबरते, आमच्याच वाडीतल्या विहिरीत वाकून बघायला घाबरते, पुलावर स्कूटी चढवताना मागून ट्रकनं हॉर्न मारला की अजून मोठ्यानं देवाचं नाव घेते. आणि अशा बाईला नोकरी कसली मिळावी? शाळेतल्या मुलांची भीती ओळखायची.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "टीचर, एवढी वर्षं मुलांत घालवलीत, काहीतरी प्रसन्न लिहा." आता प्रसन्न कुठून आणू? प्रसन्न मुलं मैदानात असतात. माझ्या खोलीत ती कधी आलीच नाहीत. माझी खोली खेळाच्या सामानाच्या कोठीला लागून होती. बाहेर पाटी होती 'समुपदेशन कक्ष', आणि मुलं तिला म्हणायची 'रडायची खोली'. मुलं बरोबर म्हणायची.

विरार पूर्वेची मराठी शाळा. मी वसईकडच्या गासहून यायची. आमचं गाव वाडीचं, फुलांचं. नवऱ्याकडं पिढ्यानपिढ्या जाई-मोगरा. आणि शाळेत येणारी मुलं फुलपाडा आणि आजूबाजूच्या दाट वस्तीतली. कोणाचे वडील रिक्षा चालवणारे, कोणाची आई कारखान्यात पॅकिंग करणारी, कोणी खेडहून आलेलं, कोणी जालन्याहून. त्यांचे पालक माझ्याकडं आले की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "टीचर, आमचं पोर वेडं नाहीये हां." एका वडिलांना मुलगा नॉर्मल असल्याचा दाखला हवा होता, शिक्क्यासकट. एक आजी मीठ-मोहरी पदरात बांधूनच आल्या. म्हणाल्या, "तुमचं आटपलं की माझं करते. दोन्हीतलं एक तरी लागू पडेल." मी म्हटलं, करा बाई. मुलगा दोन्ही वेळेला हसला, म्हणजे माझं निम्मं काम झालं.

काम नेमकं काय, ते सांगते. मुलाला चारचौघांत राहायला, मित्र जोडायला, राग आला, दुःख झालं, भीती वाटली तर ते पेलायला कुठं आधार कमी पडतोय का, ते बघायचं. पडत असेल तर तो कोणी द्यायचा, शाळेनं, घरानं की डॉक्टरनं, ते ठरवायचं. कागदोपत्री याला लांबलचक नाव आहे. वर्गशिक्षकांना प्रश्नावली असते, लहान मुलांसाठी हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचे तक्ते असतात. पण मला विचाराल तर मधल्या सुट्टीत पायरीवर बसून बघावं. कोण कोणाचा डबा खातं, कोण एकटं खातं, कोण डबा उघडतच नाही. पुढं प्रश्नावली भरताना फारसं काही नवीन कळत नाही.

आणि मुलाला समोर खुर्चीत बसवून "बाळा, तुला काय होतंय?" असं कधी विचारू नये. मूल म्हणतं, "काही नाही." संपलं! म्हणून मी घरून जाईच्या कळ्यांची पुडी न्यायची. टेबलावर कळ्या ओतायच्या, दोरा द्यायचा, आपणही ओवायला बसायचं. हात गुंतले की तोंड सुटतं. ही रीत मला कोणत्या अभ्यासक्रमात शिकवली नाही. माहेरी आमच्या ओट्यावर बायका पहाटे फुलं ओवताना एकमेकींच्या घरातलं सगळं बाहेर काढायच्या, ते लहानपणापासून ऐकलेलं.

माझा एकच नियम होता, आणि तो मी कोणासाठी मोडला नाही. भीती कशाची आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्यावर इलाज करायचा नाही. काही भीती कारणापेक्षा मोठी असते. परीक्षेची, कुत्र्याची, अंधाराची. तिला आम्ही श्वास मोजायला शिकवून, जरा जरा सवय लावून बारीक करतो. पण काही भीती अगदी कारणाच्या मापाची असते. ती घालवून टाकलीत तर मूल उघड्यावर पडतं. हे दोन प्रकार वरून सारखेच दिसतात, हाच या धंद्यातला घोळ आहे. हे लिहिताना मला श्रावणी आठवतेय.

सुरुवात फिलूमावशीनं केली. ती आमच्या शाळेची झाडलोट करायची. पाचूबंदरची कोळीण, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलली तर फाटकावर ऐकू यावं. एक दिवस ती तरातरा माझ्या खोलीत आली.

"टीचर, तुमच्या सहावीतली कोनतरी पोरगी भिंतींना भात चिकटवते!"

"भात?"

"भाताची शितं. आनि त्याच्यावर कागद. जिन्यात, मुतारीत, पान्याच्या टाकीपाशी. मुंग्या लागल्यात सगळ्या. पानी मारून मारून माझ्या हाताची सालटं गेली. कोनी करनी करतंय काय?"

मी तिच्यामागून जाऊन बघितलं. वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या. प्रत्येक पट्टी भिंतीच्या एकेका चिरेवर आडवी डकवलेली, दोन्ही टोकांना शितं. आणि प्रत्येकीवर पेन्सिलनं एक इवलासा मासा काढलेला. मुलं भिंतींवर काय काय लिहितात, ते मी आयुष्यभर वाचत आले, पण असलं काही बघितलं नव्हतं. का कोण जाणे, मला ते आवडलं नाही. त्या पट्ट्या खोडकरपणानं लावलेल्या नव्हत्या, फार काळजीनं लावल्या होत्या.

पोरगी शोधायला वेळ लागला नाही. श्रावणी, सहावी ब. तिच्या वर्गशिक्षिकेची तक्रार आधीच होती. वर्गात झोपते. संगणकाची खोली तिसऱ्या मजल्यावर, तिथं चल म्हटलं की कठडा धरून बसते. दप्तर पाठीवरून उतरवत नाही. बाकावर बसतानाही दप्तर पाठीवर. आमच्या हेडबाई चांगल्या, पण त्यांना भिंतींचा रंग जीव की प्राण. त्या म्हणाल्या, "टीचर, हे तुमच्या हाताबाहेरचं दिसतंय. सरळ मोठ्या इस्पितळात पाठवा आणि शेरा लिहून टाका."

मी म्हटलं, "आधी डबा खाताना बघते."

श्रावणी डबा फाटकापाशी खात होती. उभ्यानं. पाऊस बारीक पडत होता आणि बाकीची सगळी मुलं छताखाली होती. ती मोकळ्या जागेत छत्री धरून, पाठीवर दप्तर घेऊन भात खात होती आणि मधूनमधून मान वर करून शाळेच्या इमारतीकडं बघत होती. इमारत अजून आहे ना, असं बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी कळ्यांची पुडी उघडली. ती दारातल्या स्टुलावर बसली, आत यायला तयार नाही. मीही माझी खुर्ची दारात ओढली. बोटं चलाख होती पोरीची. बराच वेळ आम्ही फुलांचंच बोललो. मग मी म्हटलं, "तुझे मासे मला आवडले."

तिनं दोरा थांबवला. "तुम्ही काढून नाही ना टाकले?"

"मी नाही. फिलूमावशीनं काढले. कशाला लावतेस गं?"

"क्रॅक वाढलं ना टीचर, की पट्टी फाटते. फाटली की कळतं. पप्पा बोलले. साइटवर ते काच लावतात, सिमेंटनं. घरी कागद लावला तरी चालतो."

तिचे वडील दिनेश मिस्त्री, गवंडीकाम करायचे. राहत्या इमारतीच्या भिंतींना चिरा पडल्या होत्या आणि पोरगी घाबरून झोपेना, म्हणून वडिलांनीच तिला हा खेळ लावून दिला होता. पट्टी शाबूत आहे तोवर घाबरायचं नाही, झोपायचं. युक्ती वाईट नव्हती. मीही कदाचित असंच काही सुचवलं असतं.

"मग, फाटली का कधी?"

"नाही."

"बघ! मग छानच की."

श्रावणीनं मागं वळून जिन्याकडं बघितलं. मग अगदी हळू बोलली, "टीचर, आमच्या घरातल्या पट्ट्या कोणीतरी बदलतं."

दुपारची वेळ, बाहेर मुलांचा गलका, आणि तरी मला वाटलं, माझ्या पाठीमागं कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

"कशावरून?"

"माझ्या माशाला डोळा असतो. कधी कधी सकाळी उठून बघितलं की डोळा नसतो."

आता बघा, माझ्या जागी कोणीही असतं तरी घाबरलं असतं. मूल म्हणतं की घरात कोणीतरी गुपचूप येऊन माझ्या वस्तू बदलतं, तेव्हा आमच्या धंद्यात लगेच कान टवकारतात. झोप नाही, संशय, भिंतींची तपासणी. हेडबाईंचं खरं असलं तर पोरीला डॉक्टरची गरज होती आणि तीही ताबडतोब. आणि पोरीचं खरं असलं तर? तर तिला डॉक्टरकडं पाठवणं म्हणजे तिला झोपेची गोळी देऊन त्याच घरात निजवणं. शेरा लिहायचा कागद मी खणात सारला आणि तिच्या आईला बोलावणं धाडलं.

आई आली. वैशाली नाव, खेडकडची. कामावरून परस्पर आलेली, केसात कसलातरी पांढरा भुसा. खूप हसत बोलली, जरा जास्तच. "मोबाइलवर भुतांचे व्हिडिओ बघते हो टीचर. घरी काही नाही. एकदम मस्त आहे घर. मालकानं आत्ताच रंग मारून दिलाय."

"मी घरी येऊ का एकदा?"

ती हसायची थांबली. "कशाला टीचर? लहान घर आहे."

"चहा प्यायला," मी म्हटलं. चहाला कोण नाही म्हणणार? पण तिचं तोंड असं पडलं, जणू मी चहा नाही, तिचा जीव मागितला होता.

गणपतीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर श्रावणीला स्कूटीवर मागं बसवून मी निघाले. तीन दिवस पाऊस धरलेला. फुलपाड्यातल्या त्या गल्लीत इमारती एकमेकींना खेटून होत्या, खालून आभाळाची चिंधी तेवढी दिसत होती. त्यांची इमारत मला बरी दिसली, खरंच सांगते. नवा पिवळा रंग, जिन्यात गणपतीची तोरणं. मग मी जिन्यात भिंतीला हात लावला आणि रंगाचा पापुद्रा ओल्या पापडासारखा हातात आला. आत गंजलेली सळई दिसत होती. श्रावणी पुढं चढत होती, भिंतीला न टेकता, पायरीच्या अगदी मधून. मला उलट्या पावली परत फिरायचं होतं. पण पोरगी पुढं चालली होती, मग मी कुठं पळणार?

घर झकास ठेवलेलं. भांडी चकचकीत, गॅसवर कुकर. वैशालीनं मला पलंगावर बसवलं आणि चहा ठेवला. आणि भिंतीवर, खांबापासून खिडकीपर्यंत, पट्ट्याच पट्ट्या. नीट, ओळीनं, सगळ्या शाबूत. सगळ्यांवर मासे.

मी कप हातात घेऊन उठले आणि जवळ जाऊन बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खिडकीजवळच्या पट्ट्यांवरच्या माशांना डोळा होता. खांबाजवळच्या एकाही माशाला डोळा नव्हता.

मागं वळले तर वैशाली माझ्याकडं बघत होती. तिच्या हाताच्या नखांत पांढरी खळ वाळलेली होती, कणकेची. मी नखांकडं बघितलं, तिनं हात पदराखाली घेतला. आमचं दोघींचं सगळं बोलणं तेवढ्यात झालं.

"श्रावणी, बाळ, खालून मला बिस्किटं आणतेस? आणि तिथंच थांब. माझ्या स्कूटीकडं लक्ष ठेव," मी म्हटलं. ती सुटल्यासारखी गेली.

"रोज फाटतात, टीचर," वैशाली म्हणाली. "आधी आठवड्यातून एखादी फाटायची. आता रोज. मी तिच्या आधी उठते आणि नवीन लावते. मासा काढायला मला जमत नाही हो. डोळा काढायचा असतो, ते मला कळलंच नाही."

"आणि मिस्त्री?"

"त्यांना ठाऊक आहे. ते म्हणतात, दिवाळीपर्यंत कळ काढ, मग दुसरी खोली बघू. सगळ्यांना ठाऊक आहे टीचर, अख्ख्या बिल्डिंगला. कोणी बोलत नाही. बोललं तर महापालिकेचे लोक येणार, घरं खाली करा म्हणणार. मग जायचं कुठं? पोरीला घेऊन रस्त्यावर?" ती रडायला लागली. "ती झोपावी म्हणून केलं मी. दुसरं काही नाही. पोरीनं नुसतं झोपावं."

मला तिचा राग आला नाही. ती आई होती आणि तिच्याकडं कणीक होती, भिंत नव्हती. पण मला एवढं कळलं की त्या घरात बिनचूक शुद्धीवर असलेलं माणूस एकच होतं, आणि त्यालाच आम्ही सगळे मिळून वेडं ठरवायला निघालो होतो. ते खाली उभं राहून माझी स्कूटी राखत होतं.

"चला," मी म्हटलं. "आत्ताच निघा."

"आत्ता? कुकर लावलाय!"

"कुकर बंद करा!" मी ओरडले. मी पालकांवर कधी ओरडत नाही. पण तेवढ्यात खांबाजवळून टक्क असा बारीक आवाज आला. पट्टीचा होता, रंगाचा होता की माझ्या मनाचा, देव जाणे. वैशालीनं कुकर बंद केला.

जिन्यात एक गृहस्थ आडवे आले, इमारतीच्या समितीतले. "टीचर, तुम्ही शाळेतलं बघा. इथं गणपती बसायचेत. उगाच लोकांना घाबरवू नका."

"मी स्वतःच घाबरलेय, दादा," मी म्हटलं. "तुम्हीही घाबरा, मी पाया पडते." ते हसले. खाली उतरेपर्यंत मला त्यांचं हसू ऐकू येत होतं.

खाली श्रावणी बिस्किटाचा पुडा छातीशी धरून उभी. मी वैशालीला म्हटलं, "तुम्ही सांगा तिला. मी नाही." हेच माझं खरं काम होतं, बाकी सगळं कोणीही केलं असतं. वैशाली भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली. "बाळा, पट्ट्या मीच बदलत होते. तुझं बरोबर होतं. घर खरंच..."

मला वाटलं, पोरगी रडेल, चिडेल. तिनं आईकडं नुसतं बघितलं आणि एवढा मोठा श्वास सोडला, की तिचे खांदे खाली आले. मग विचारलं, "मग आता जायचं ना?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पाठीवरचं दप्तर काढून आईपुढं उघडलं. वर नावाला दोन वह्या. त्यांच्या खाली आईची साडी, वडिलांची पँट-शर्ट, तिचा एक फ्रॉक. तिघांचा एकेक जोड, घडी करून. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. लागू देत, पाऊसच होता.

त्यांना मी घरी आणलं. समुपदेशकानं असं करू नये, पुस्तकात स्पष्ट मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. आमच्या ह्यांनी दारातच विचारलं, "आता अख्खी शाळा येणार काय जेवायला?" आणि फुलं निवडायच्या खोलीतली टोपल्यांची चळत स्वतःच हलवायला लागले. मिस्त्री अंधार पडल्यावर आले, मान खाली घालून. श्रावणी जेवतानाच पेंगली. दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्साची घंटा झाली, आम्ही देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना करून आलो, मासळी आणून साफ झाली, तरी ती झोपलेलीच. वैशाली दर थोड्या वेळानं जाऊन तिच्या नाकापुढं बोट धरून यायची.

सोमवारी मी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज दिला. सही करायच्या आधी तिथल्या बाईंकडं पाणी मागून घेतलं. हेडबाईंना इमारतीतल्या लोकांचे फोन गेले, शाळेला यात कशाला ओढता म्हणून. पण हेडबाईंनी मला बोलावून इतकंच म्हटलं, "मी शेरा लिहायला सांगितला होता, तो लिहिला नाहीत ना?" मी नाही म्हटलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग अभियंते आले, त्यांनी इमारत तपासली, धोकादायक ठरवली आणि गणपतीच्या आधी ती रिकामी झाली.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी माझे आभार मानले असतील. अहो, कसले आभार! बायका-मुलं, गणपतीचं मखर, गाद्या, सगळं रस्त्यावर. कोणी नातेवाइकांकडं गेलं, कोणी गावी. सहावीतल्या दोन मुली शाळा सोडून गेल्या, त्यांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. इमारत पडली नाही. पाडली. एक जण सांगतो, यंत्राचा नुसता दात लागला आणि मागची बाजू आपसूक बसली. दुसरा म्हणतो, छे, वीस वर्षं हलली नसती. ते समितीतले गृहस्थ मला अजून बाजारात भेटतात. "काय टीचर," म्हणतात, "आज कोणाचं घर?" मी भाजी न घेता पुढं जाते. मी बरोबर होते हे मला कोणी कधी सिद्ध करून दिलं नाही, आणि त्याचं सुख मानावं की दुःख, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मिस्त्रींना आमच्याच बाजूला भाड्याची खोली मिळाली, बैठी, पत्र्याची. श्रावणीला मी नंतर वर्षभर बघत होते. दप्तर बाकाखाली गेलं. संगणकाच्या खोलीत ती गेली, दाराजवळची जागा धरून का होईना. वर्गात झोपणं थांबलं. वर्षअखेरीला मी तिच्या नावापुढं लिहिलं, 'विशेष आधाराची गरज नाही'. असा शेरा लिहिताना एरवी बरं वाटतं. तेव्हा वाटलं नाही, का ते सांगता येत नाही.

ते लोक आमच्याकडून गेल्यावर फुलांची खोली झाडताना मला खिडकीवरच्या चिरेवर एक पट्टी दिसली. ती चीर माझ्या लग्नाच्याही आधीची. सासूबाई म्हणायच्या, मातीचं घर आहे, श्वास घेतं. पट्टी शितांनी चिकटवलेली, वर मासा, माशाला डोळा. पोरीनं आमचंही घर तपासलं होतं. मी हसले आणि पट्टी राहू दिली. पण त्या दिवसापासून चहाच्या आधी मी ती बघते. निवृत्त झाले, पहाटे उठायचं कारण उरलं नाही, तरी उठते आणि बघते. शाबूत. मग चहा.

परवा सकाळी गेले, तर पट्टी मधोमध फाटलेली.

मी तिथंच उभी राहिले. हे मागून आले, चष्मा वर करून बघितलं. "अगं, दमटपणा आहे. एवढ्याशा कागदाला काय घाबरतेस? थांब, नवीन लावून देतो." आणि स्वयंपाकघरात जाऊन खरंच कालच्या भाताची चार शितं बोटावर घेऊन आले.

मी त्यांचा हात धरला. "बदलायची नाही."

"अगं पण..."

"हात लावायचा नाही तिला, सांगते ना."

आणि मिस्त्रींना फोन लावला. फोन श्रावणीनं उचलला. आता कॉलेजात जाते, आवाज बाईमाणसासारखा झालाय. मी म्हटलं, "बाळ, पप्पांना जरा पाठवतेस? काही विशेष नाही गं, ती तुझी पट्टी आहे ना, ती जराशी..." 'तू काळजी करू नकोस' असंही म्हणणार होते. सवय लागलेली.

मग ती म्हणाली, "टीचर, आधी बाहेर या. काकांना घेऊन अंगणात या. मग बोलू."

मी 'घाबरू नकोस' म्हटलं नाही. तीही म्हणाली नाही. भाताची शितं बोटावर तशीच असलेल्या नवऱ्याचा हात धरून मी घराबाहेर पडले, आणि आम्ही दोघं अंगणात उभे राहून मिस्त्रींची वाट बघू लागलो.